डोळा बसवल्यानंतरचं दीड वर्ष

"बाटली हलवली का?"

हा प्रश्न आमच्या घरात दीड वर्ष रोज अनेकदा विचारला गेला. सुरुवातीला दिवसातून आठ-दहा वेळा, मग सहा, मग चार, आणि आता रात्री झोपताना एकदा. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचं बुबुळ बदललं त्याला तीन वर्षं होत आली. ऑपरेशन तासाभरात आटोपलं. त्यानंतर डोळा सांभाळण्याचं काम आमच्याकडे आलं, आणि ते कसं करायचं हे समजून घ्यायला आम्हाला फार धडपडावं लागलं. घरी नेण्यासाठी मिळालेला कागद इंग्रजीत होता. अण्णा चौथी शिकलेले, आई सहीपुरती. मी वाचून दाखवायचो, पण "असं का?" विचारलं की मलाही सांगता यायचं नाही.

म्हणून हे लिहितोय. सोलापुरात किंवा आसपासच्या तालुक्यांत ज्यांच्या घरी हे ऑपरेशन झालंय, ठरलंय, त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती वेळा, किती महिने हे प्रत्येक डोळ्याचं वेगळं असतं आणि ते तुमच्या डॉक्टरांचंच ऐकायचं. पण ते तसं का सांगतात हे एकदा उमगलं की पाळणं सोपं जातं. आम्हाला उमगायला उशीर झाला, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ते पुढे येईलच.

अण्णांच्या डोळ्याला लागलं ते ज्वारीच्या पानाने. मंगळवेढ्याकडे आमची थोडी शाळू असते. फेब्रुवारीत काढणी चालू होती. धाट उपटताना वाळलेलं पान सटकन डोळ्यावरून गेलं. वाळलेल्या पानाची कड करवतीसारखी असते. त्या दिवशी नुसतं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी कुणी मध घालायला सांगितला, तोही घातला. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून "डोळा लाल झालाय" सांगून थेंब आणले. दोन दिवस बरं वाटलं आणि मग डोळा चिघळला. पुढे कळलं की पानाबरोबर बुरशी आत गेली होती आणि त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने लाली उतरते, पण डोळ्याची लढायची ताकदही उतरते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. दोन महिन्यांच्या औषधोपचारानंतर जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळेना.

ऊस, ज्वारी, मळणीतलं भुसकट यांनी डोळ्याला लागलं तर पहिल्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. मध नको, दूध नको, झाडपाल्याचा रस नको, दुकानातून परस्पर आणलेला थेंब तर अजिबात नको. एवढं केलं तर पुढचं ऑपरेशन बऱ्याचदा टळतं.

नेमकं काय बदलतात

आपल्याकडे "डोळा बसवला" म्हणतात. त्यामुळे अर्ध्या गावाला वाटतं की अण्णांना दुसऱ्याचा अख्खा डोळा बसवलाय. अख्खा डोळा कुणालाच बसवता येत नाही. बदलतात तो फक्त कॉर्निया, म्हणजे काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा. मराठीत आपण त्यालाही बुबुळच म्हणतो. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल एवढी. रंग त्याच्या मागच्या भागाला असतो, त्यामुळे डोळ्याचा रंग बदलत नाही. आणि दोष मागच्या पडद्यात किंवा नसेत असेल, तर कॉर्निया बदलून नजर येत नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर सोनोग्राफी करतात ती मागचं नीट आहे का ते बघायलाच.

एवढासा पडदा, पण बाहेरचा उजेड आत वळवून नेमक्या जागी टाकण्याचं दोन तृतीयांश काम तोच करतो. तो काचेसारखा पारदर्शक असतो कारण त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो हवेतून, अश्रूंच्या थरातून. पोषण मिळतं आतल्या पाण्यातून. आपल्या शरीरातला रक्ताशिवाय जगणारा हा भाग आहे, आणि ऑपरेशननंतरची जवळजवळ प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघते.

रक्त नाही म्हणून जखम भरायला महिनोन्महिने लागतात. हाताला कापलं तर आठवड्यात टाके निघतात. इथे वर्ष-सव्वा वर्ष राहतात. पण रक्त नाही म्हणूनच शरीराच्या पहारेकऱ्यांना हा पाहुणा चटकन सापडत नाही. मूत्रपिंड बसवताना रक्तगट जुळवतात, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. कॉर्नियाला सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही आणि बहुतेकांचं थेंबांवर भागतं. मात्र ज्यांच्या बुबुळात जुन्या जखमेमुळे रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात, त्यांना धोका जास्त. अण्णांच्या डोळ्यात एका बाजूने तशा वाहिन्या आल्या होत्या. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. आम्ही "बरं" म्हणून मान हलवली होती, अर्थ कळला नव्हता.

कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो साचलेलं पाणी उपसणाऱ्या मोटरीसारखा आहे. डोळ्यातलं पाणी कॉर्नियात सतत झिरपत असतं आणि हा थर ते सतत उपसून बाहेर टाकतो. मोटर बंद पडली की पाणी साचून रान चिबाड होतं, तसं पेशी कमी पडल्या की कॉर्निया फुगतो आणि धुरकट होतो. या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. दात्याकडून जेवढ्या आल्या तेवढ्यांवरच चालवायचं. थेंब घालायचे ते मुख्यतः या पेशी वाचवायला.

ऑपरेशनचे प्रकार दोन-तीन आहेत आणि तुमचं कोणतं झालं हे नक्की विचारून घ्या, कारण पथ्यं वेगळी असतात. अण्णांचं पूर्ण जाडीचं झालं, म्हणजे मधली आठ मिलिमीटरच्या आसपासची चकती काढून तिथे दात्याची चकती टाक्यांनी शिवली. काहींची फक्त आतली मोटर बिघडलेली असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही वेळा असं होतं. त्यांना फक्त आतला पातळ थर बसवतात. तो टाक्यांनी नाही, डोळ्यात सोडलेल्या हवेच्या बुडबुड्याने वर दाबून चिकटवतात. बुडबुडा वरच जाणार, म्हणून अशा माणसाला एक-दोन दिवस, कधी जास्त, छताकडे तोंड करून उताणं पडून राहायला सांगतात. उशीवर टेकून टीव्ही बघितला तर बुडबुडा सरकतो आणि थर सुटू शकतो. जेवायला, लघवीला उठायचं आणि परत उताणं. बुडबुडा असेपर्यंत विमानप्रवास, उंच डोंगर वर्ज्य. त्यांची नजर मात्र काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारते. तिसऱ्या प्रकारात रुग्णाची आतली मोटर तशीच ठेवून वरचे थर बदलतात. बुबुळ पुढे शंकूसारखं निघालेल्या तरुण मुलांत हे बऱ्याचदा करतात.

पहिला आठवडा

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आम्ही सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. सिनेमात पट्टी काढली की माणूस आईला ओळखतो. अण्णा म्हणाले, "धुकं दिसालंय नुसतं." आई तिथेच रडायला लागली. डॉक्टरांनी तिला समजावलं की पूर्ण जाडीच्या ऑपरेशनात हे असंच असतं. नवी चकती सुजलेली असते, टाके ताणलेले असतात, उजेड आत वेडावाकडा जातो. काहींना पहिल्या महिन्यात बरं दिसतं, काहींना आठ महिने लागतात. ऑपरेशन फसलं की काय, ही शंका पहिल्या आठवड्यात काढायचीच नाही.

डोळ्यात खुपल्यासारखं होणं, पाणी येणं, थोडं दुखणं हे सुरुवातीला असतं आणि रोज थोडं थोडं कमी होतं. वाढायला लागलं तर मात्र लगेच दाखवायचं.

डॉक्टरांनी मला त्यांच्या यंत्रातून अण्णांचा डोळा बघू दिला. मला वाटलं होतं दोन-चार टाके असतील. सोळा होते. सायकलच्या चाकाच्या आऱ्या जशा गोल लावलेल्या असतात तसे, मधल्या चकतीकडून बाहेर. धागा नायलॉनचा, डोक्याच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका बारीक. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. या सोळा धाग्यांवर ती चकती उभी आहे, हे डोळ्यांनी बघितल्यापासून अण्णांनी डोळ्याला हात नेला की माझ्या पोटात गोळा येतो.

झोपेत हात जातो, म्हणून रात्री प्लॅस्टिकची भोकाभोकाची वाटी डोळ्यावर चिकटपट्टीने लावायची. आम्हाला महिनाभर सांगितली होती, आम्ही तीन महिने लावली. घरात लहान नातवंडं असतील तर दुपारच्या झोपेतही लावा. बाळाची लाथ, डोक्याची धडक यांना कारण लागत नाही.

थेंब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

साधारणपणे तीन बाटल्या असतात. एक जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून, ती काही आठवड्यांनी बंद होते. एक ओलावा राहावा म्हणून. आणि एक स्टिरॉइडची, जी महिनोन्महिने चालते. आता कुणी म्हणेल, त्याच स्टिरॉइडने तर डोळा घालवला होता. बरोबर आहे, आईनेही हेच विचारलं होतं. तिथे जिवंत बुरशी होती आणि तिच्याशी लढणाऱ्या शरीराला आपण मागे ओढलं. इथे शरीर नव्या चकतीशीच लढायला उठतं, आणि त्याला शांत ठेवायचं असतं. औषध तेच, जागा वेगळी. म्हणूनच ते डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यायचं.

स्टिरॉइडच्या बऱ्याच बाटल्यांत औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात तरंगत असतं. बाटली उभी ठेवली की ते तळाला बसतं. न हलवता थेंब घातला तर डोळ्यात जातं ते बहुतेक नुसतं पाणी, आणि बाटली संपत आली की शेवटचे थेंब दाट. बाटली उजेडासमोर धरून बघा, तळाला पांढरा थर दिसेल. चांगली हलवली की सगळं दुधाळ होतं. मग घालायचा थेंब. पहिले बारा दिवस आम्ही न हलवताच घालत होतो. तपासणीला गेल्यावर नर्स सिस्टरांनी विचारलं, "हलवून घालता ना?" तेव्हा कळलं.

हात साबणाने धुवायचे. माणसाने मागे टेकून वर बघायचं. खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढायची, म्हणजे तिथे छोटी खोबणी होते. थेंब तिथे टाकायचा, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. वरच्या पापणीवर तर दाब अजिबात द्यायचा नाही. एकच थेंब पुरे. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दुसरा गालावर ओघळतो. मग डोळा अलगद मिटून मिनिट-दोन मिनिटं शांत बसायचं. एक थेंब आणि दुसऱ्या बाटलीचा थेंब यांत पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

वेळा लक्षात राहात नाहीत. आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चौकोन आखले आणि थेंब घातला की आई त्यात कुंकवाचं बोट लावायची. तिला अक्षरं येत नाहीत, पण रिकामा चौकोन लांबून दिसायचा. बाटलीवर फोडल्याची तारीख लिहायची. महिना झाला की उरलेलं औषध टाकून नवी आणायची.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच प्रश्न आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर बघायलाच नको. बाटली खिडकीत, टीव्हीवर, गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाही. आमची माठाच्या शेजारच्या कोनाड्यात, स्टीलच्या कोरड्या डब्यात असायची. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही.

याच औषधाने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो वाढताना दुखत नाही, दिसायला फरक पडत नाही, आणि आत नस खराब होत राहते. काचबिंदू होतो तो असा. म्हणून सगळं छान दिसत असलं तरी दाब मोजायला ठरलेल्या तारखेला जायचंच. आम्ही त्यासाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचो. पुढे सोलापुरातच एका नेत्रतज्ज्ञांकडे दाब मोजायची सोय लावून घेतली आणि पुण्याच्या फेऱ्या कमी केल्या. आपल्या डॉक्टरांना विचारून तुम्हीही असं करू शकता.

घर, माग आणि गड्डा

डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही. आंघोळ गळ्याखालून; डोकं धुवायचं ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं मान मागे टाकून, दुसऱ्याच्या हातून. तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. चिपडं आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून, पिळून, पापणी नाकाकडून बाहेरच्या बाजूला अलगद पुसायची.

वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, कुंथायचं नाही. यातलं वजनाचं सोलापुरात पाळणं फार अवघड. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते आलं की घरातला प्रत्येक हात घागरीला लागतो. अण्णांच्या पहिल्या महिन्यात पहाटे पाणी आलं, मी झोपलेलो, आणि ते एकटे बादल्या भरून बॅरलमध्ये ओतत होते. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पाण्याच्या दिवशी शेजारचा मुलगा मदतीला यायला लागला. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, खोकला अंगावर काढू नका. दोन्हींनी डोळ्यावर ताण येतो.

यंत्रमागावर काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. पूर्वभागात, अक्कलकोट रोडला अजून धोट्याचे, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी तुकड्याचे, माग आहेत. धोटा उडून तोंडावर आलेला कुणी ना कुणी प्रत्येक कारखान्यात असतो. कॉर्निया बसवलेल्या डोळ्याची शिवण कधीच मूळच्या डोळ्याइतकी मजबूत होत नाही. टाके निघाल्यावरही नाही, दहा वर्षांनीही नाही. साधा डोळा ज्या फटक्याने काळानिळा होईल, त्याच फटक्याने हा डोळा शिवणीवर उसवू शकतो. तेव्हा कामावर परत जायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, आणि न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा, बाजूने बंद असलेला चष्मा लावूनच. मालकाला आधी सांगून धोट्याच्या मागावरून कांड्या भरायला, घडीवर किंवा पॅकिंगला बदली मागा. हे मागताना कमीपणा वाटून घेऊ नका. हवेत उडणारी तुसं हा वेगळा त्रास. तोच चष्मा तिथेही उपयोगी पडतो. विड्या वळणाऱ्या बायकांनी तंबाखूचा हात डोळ्याजवळ न्यायचा नाही, आणि थेंब घालायच्या आधी हात दोनदा धुवायचे.

चुन्याबद्दलही सांगायला हवं. जगात माणसाचा कॉर्निया यशस्वीपणे बदलला गेला तो पहिल्यांदा ७ डिसेंबर १९०५ रोजी. आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावात डॉक्टर एडुआर्ड झिर्म यांनी ते ऑपरेशन केलं. रुग्ण होता एक मजूर, आणि त्याचे दोन्ही डोळे चुन्याने जळाले होते. एक चकती टिकली नाही, दुसरी टिकली आणि तो माणूस परत कामाला लागला. तेव्हा स्टिरॉइड नव्हतं, असे बारीक धागेही नव्हते. आजही चुन्याने जळालेल्या डोळ्यात नवा कॉर्निया टिकवणं सगळ्यात अवघड असतं, कारण बुबुळाच्या कडेच्या ज्या पेशी वरचा थर नवा बनवत राहतात त्याच चुना जाळून टाकतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलं दाबून फोडतात आणि तो थेट डोळ्यात उडतो. उडालाच तर दवाखान्याकडे पळायच्या आधी तिथल्या तिथे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग पळायचं.

अण्णांचं ऑपरेशन दिवाळीनंतरचं, त्यामुळे पहिला जानेवारी आला आणि गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा, आली. लहानपणापासून एकही वर्ष त्यांनी अक्षता सोहळा चुकवला नव्हता. गर्दीतली कोपरं, होम मैदानावरची धूळ, आणि हजारो हातांनी उडालेल्या अक्षता. दोन महिन्यांच्या डोळ्याला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. त्यांनी यात्रेची पांढरी बाराबंदी घातली, घरी बसून टीव्हीवर नंदीध्वज बघितले आणि हात जोडले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. पण ते गेले नाहीत.

नजर कधी येते

पहिल्या तीन-चार महिन्यांत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात. टाके जसे ओढतात तसा बुबुळाचा गोलावा बदलतो आणि नंबर सरकत राहतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डॉक्टर बुबुळाचा नकाशा काढून जो टाका जास्त ओढतोय तोच काढतात, मग थोड्या दिवसांनी दुसरा. खाटेची बाज विणताना एका बाजूची दोरी सैल केली की सगळा पट सरळ होतो, तसंच. थेंबाने डोळा बधिर करून बाह्यरुग्ण विभागातच दोन मिनिटांत होतं. पण टाका काढल्यावर काही दिवस धोका वाढतो, म्हणून तेव्हा थेंब वाढवतात. ते टाळू नका.

अण्णांना पाचव्या महिन्यात समोरच्या घराची खिडकी दिसायला लागली. आठव्यात माझ्या शर्टाच्या रेघा. सगळे टाके निघाल्यावर चष्म्याने वर्तमानपत्राचे मोठे मथळे. काहींना चष्म्याने भागत नाही, त्यांना कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते आणि तिने खूप स्वच्छ दिसू शकतं. "ऑपरेशन करूनही चष्मा?" म्हणून नाराज होऊ नका. चकती पारदर्शक राहिली, तर नंबरावर उपाय आहेत.

लाली, उजेड, नजर, दुखणं

हे चार शब्द भिंतीवर लिहून ठेवा. बसवलेला डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, आधीपेक्षा कमी दिसायला लागलं, दुखायला लागलं. चारांतलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञासमोर बसायचं. रविवार असो, लग्न असो.

आमच्याकडे पहिल्यांदा असं झालं मे महिन्यात. डोळ्यात खडा गेल्यासारखं खुपत होतं, लाल झाला होता. साथ चालू होती, शेजारी म्हणाले, "डोळे आलेत त्यांना, पसरालंय सगळीकडं." त्याच दुपारी सोलापुरातल्या डॉक्टरांकडे नेलं. एक टाका सैल झाला होता आणि त्याच्या टोकाला चिकट घाण अडकली होती. सैल टाका म्हणजे जंतूंना आत यायला शिडी, आणि रक्तवाहिन्यांनाही आमंत्रण. त्यांनी तो काढला, थेंब बदलले, चार दिवसांत डोळा निवळला. घरी थांबलो असतो तर त्याच जागी पिकलं असतं.

दुसऱ्या वेळी चूक आमची होती. ऑपरेशनला तेरा महिने झालेले. थेंब दिवसातून दोनदा उरले होते. डिसेंबरात शेतावर हुरड्याला पाहुणे येणार म्हणून अण्णा पंधरा दिवस गावी राहिले. मी फोनवर विचारायचो, ते "घातलं की" म्हणायचे. परत आले तेव्हा पिशवीतली बाटली भरलेलीच. म्हणाले, "दिसालंय की रे आता मला. अजून किती दिवस घालायचं ते?" मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितलं की उठल्यावर धुरकट दिसतंय, दहा वाजेपर्यंत निवळतं.

हे सकाळचं धुरकट दिसणं मोटरीचं लक्षण आहे. रात्री पापण्या मिटलेल्या असतात, बाष्पीभवन होत नाही, सगळा भार पेशींवर येतो. त्या थकल्या असतील तर सकाळी पाणी साचलेलं असतं, दिवसा डोळा उघडा राहिला की थोडं सुकतं. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि सांगितलं: शरीराने चकती नाकारायला सुरुवात केलीय.

ते ऐकून आम्हाला वाटलं संपलं. पण नाकारायला सुरुवात होणं आणि चकती निकामी होणं यांत फरक आहे. लवकर सापडलं तर बऱ्याचदा परतवता येतं. दिवसा दर तासाला थेंब, रात्री मलम. मी आठ दिवस रजा टाकली. हळूहळू धूर उतरला. सगळा नाही, डॉक्टर म्हणाले काही पेशी गेल्या, त्या आता येणार नाहीत. म्हणजे चकतीचं आयुष्य तेवढं कमी झालं. त्यानंतर पुढचे चार-पाच महिने पुन्हा पहिल्यापासून उतरत्या क्रमाने थेंब.

हा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, पण कधीच शून्य होत नाही. पाच-सात वर्षांनीही येऊ शकतो. थेंब कमी करायचे, बंद करायचे ते डॉक्टरांनी. दुसऱ्या आजाराचं ऑपरेशन, लस, कुठलंही नवं औषध ठरलं तरी आधी "माझा कॉर्निया बदललेला आहे" हे सांगायचं.

आणि लाल डोळ्यावर घरातली जुनी बाटली काढून परस्पर घालायची नाही. जंतूंमुळे लाल झालाय की शरीर नाकारतंय म्हणून, हे यंत्राखाली बघितल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही, आणि एकाचं औषध दुसऱ्यासाठी घात ठरतं. पुण्या-मुंबईला जायला वेळ लागणार असेल तर आधी सोलापुरातल्या कुठल्याही नेत्रतज्ज्ञाला फाइल घेऊन दाखवा, तिथून मोठ्या दवाखान्यात फोन लावा. फाइलचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

ज्यांच्याकडून तो कॉर्निया आला त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही, सांगतही नाहीत. एवढं माहीत आहे की कुणाच्या तरी घरी मृत्यू झाला आणि सहा तासांच्या आत, रडण्याच्या त्या वेळात, कुणीतरी नेत्रपेढीला फोन केला. पंखा बंद केला असेल, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला असेल, डोक्याखाली उशी दिली असेल. चष्मा होता का, मधुमेह होता का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का, यांपैकी कशानेही सहसा अडत नाही. अण्णांनी आणि आईने दोघांनी आपल्या डोळ्यांचं मला सांगून ठेवलंय. मीही बायकोला सांगून ठेवलंय, कारण त्या वेळी फोन घरच्यांनाच करायचा असतो.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी आली होती. तिच्या आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. अण्णांनी कोनाड्यातला डबा काढला, बाटली उजेडासमोर धरली आणि तिला जवळ बोलावलं. "हे बघ, तळाला पांढरं बसलंय. दिसालंय का?" मग तिच्या हातात देऊन हलवायला लावली, पुन्हा उजेडासमोर धरली, आणि दुधाळ झाली तेव्हा म्हणाले, "आता घाल मला, बघू येतंय का."